वेणूला सासर दाखवलं

वाडी, बारवी धरणाजवळ
९ जून २०२४

चि. नेत्रा हिला तिच्या बहिऱ्या आत्याचे आशीर्वाद.

तुझे तीन फोन येऊन गेले म्हणे. तिसरा मीच उचलला होता. तू काहीबाही बोलत होतीस आणि मी आपली अंदाजाने उत्तरं देत होते. दिपेश नंतर हसून लोळायचा बाकी राहिला. म्हणाला, "आई, ती विचारत होती गुडघा कसा आहे, आणि तू सांगितलंस, गेली बिचारी, दुपारी पुरली." कानातलं मशीन शिट्टी मारतं आणि मोबाईलवर मराठी टाईप करणं मला जमत नाही. म्हणून पत्र. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांकडून अक्षर गिरवून घेतलं, तेव्हा माझं अजून वाचता येईल एवढं आहे.

तर पुरली ती गंगू. वैशाखात गेली. चौदा वर्षांची होती. रवंथ करता करता मान टाकली, कुणाला त्रास दिला नाही. मागे तिची शेवटची कालवड राहिली आहे, वेणू, तीन महिन्यांची. ती आता मलाच आई समजते आणि पदर चघळते. दोन लुगडी वाया गेली.

खरी अडचण पुढेच आहे. माघापर्यंत मी कात्रपला दिपेशकडे राहायला यावं असा त्याचा हट्ट आहे. गुडघे पाहता तो चुकत नाही. तिसरा मजला, लिफ्ट आहे, सून चांगली आहे. पण लिफ्टमधून वेणू कशी नेणार? बाजारात मी तिला उभी करणार नाही. आपल्या दावणीची गाय आजवर लेकीच्या घरीच गेली.

अक्षदा घ्यायला तयार आहे. नको म्हणतात त्या तिच्या सासूबाई, बनूबाई. मागची चंद्री आठवते ना? अक्षदाच्या लग्नात आंदण दिली आणि बदलापूर गावात त्यांच्या गोठ्यात तीन महिन्यांत गोचीड-तापाने गेली. तेव्हापासून विहीणबाईंचं एकच पालुपद, तुमच्याकडची गाय आमच्याकडे जगत नाही.

दिपेश सांगतो की तू हैदराबादला त्याच तापाची लस शोधतेस. मग एक डोस वेणूसाठी पाठवून दे. लस टोचली आहे म्हटलं की बनूबाई घेतील, आणि पोर तिथे जगेल. मला दोन्ही हवं आहे. तू पाठवशीलच म्हणून मी निश्चिंत आहे.

तुझी आत्या,
काशी


हैदराबाद
२१ जून २०२४

आत्या,

तुझ्या पाया पडते, आणि गंगूला मनातल्या मनात हात जोडते. तिच्या धारेवर मी बारावी झाले.

तू निश्चिंत राहू नकोस. लस नाही गं. माझ्याकडे नाही आणि आपल्याकडच्या बाजारातही नाही. मी जे शोधते ते लसीच्या फार आधीचं काम आहे. सांगते, कंटाळू नकोस.

गोचीड-ताप म्हणून आपण सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो, पण त्यात तीन-चार वेगळे रोग आहेत. माझ्या वाट्याचा एक जिवाणू आहे. गोचीड चावला की तो गाईच्या रक्तात शिरतो आणि तांबड्या पेशीच्या कडेला बारीक ठिपका होऊन बसतो. मग गाईचं अंग आपल्याच पेशी मोडायला लागतं. पापण्या आतून पांढऱ्या पडतात, पुढे पिवळ्या. लघवी मात्र लाल होत नाही, तो दुसरा ताप.

हा जिवाणू नऊशेच्या वर प्रथिनं बनवतो. त्यांतली कोणती गाईच्या अंगाला आधी दाखवून ठेवली तर खरा रोग आल्यावर ती तयार असेल, हे मला काढायचं आहे. संगणकावर मी चाळणी लावली. जी जिवाणूच्या बाहेरच्या अंगावर असतात, जी गावोगाव बदलत नाहीत आणि जी गाईच्या स्वतःच्या प्रथिनांसारखी दिसत नाहीत, तेवढीच ठेवली. तू तांदूळ निवडायचीस तशी दोन वर्षं बसून निवडते आहे. चौदा उरली. ही चौदा म्हणजे उमेदवार, त्यांतलं एखादं निवडून येईल किंवा एकही नाही.

आता मला हवं आहे हा रोग पचवलेल्या गाईंचं रक्त. ते या चौदांपैकी कुणाला ओळखतं ते पाहायचं. दवाखान्यातले डॉ. विनीत माझ्या ओळखीचे आहेत, ते येतील. वाडीतल्या म्हाताऱ्या गाई त्यांना दाखव.

वेणूपुरतं म्हणशील तर तिला एकही गोचीड लागू देऊ नकोस. पशुवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी पुठ्ठ्यावर सात नियम लिहून गोठ्याच्या दारावर ठोकले होते, ते अजून आहेत का? तेच पाळ. आणि मला आठवून लिही, आपल्याकडून किती कालवडी आंदण गेल्या आणि त्यांचं पुढे काय झालं.

तुझी
नेत्रा


वाडी
८ जुलै २०२४

चि. नेत्रा, आशीर्वाद आहेतच, पण त्यात माझी थोडी नाराजीही धर.

शिकून एवढी मोठी झालीस आणि साधा एक डोस नाही! वाडीभर सांगून बसले होते. असो. चौदा उमेदवार म्हणालीस ते मात्र मला पटकन कळलं. ग्रामपंचायतीच्या सात जागांना आपल्याकडे एकवीस उभे राहतात, आणि सगळे मला म्हातारीला ओळखतात.

विनीत डॉक्टर येऊन गेला. पोरगेला आहे, पण हात हलका. अकरा गाईंचं रक्त काढलं. बुधाजीच्या गाईने त्याला शेणात बसवलं, तरी नळी सोडली नाही त्याने. जाता जाता वेणूचंही घेतलं. सगळं थर्मासात बर्फावर ठेवून तुझ्याकडे पाठवतो म्हणाला.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या सासूपासून धरलं तर सहा गेल्या. थोरल्या नणंदेची मुरबाडला, ती तेरा वर्षं जगली. धाकटीची अंबरनाथला. तिच्या गोठ्याच्या जागी आता चार मजली इमारत आहे, पण गाय म्हातारी होऊनच गेली. मग चुलत सासऱ्यांच्या लेकी तिघी, त्यांच्याही सुखाने नांदल्या. सहावी चंद्री, तिचं तुला ठाऊक आहे. सासू नुसती गाय देत नसे, आधी तिला सासर दाखवायची. पण ते जुन्या बायकांचं खूळ, तुझ्या कामाचं नाही.

अक्षदाने घरी पुन्हा विषय काढला. बनूबाई म्हणाल्या, "तुजे आयशीनं सोताच्या तोंडानं सांगितलान, गाय आदीच आजारी व्हती म्हून. आता परत आजारी गाय आनू काय दावनीला?" मी माझ्याच शब्दांत अडकले बघ. चंद्री गेली तेव्हा मी खरंच तसं म्हणाले होते. अक्षदा नवी नवरी होती, तिच्या पायगुणावर बोलणी बसायला लागली होती. म्हटलं दोष आपल्या पदरात घ्यावा. तू यात पडू नकोस. तुझ्या चौदांकडे बघ.

आत्या


हैदराबाद
१९ जुलै २०२४

आत्या,

रक्त पोचलं, थंडच पोचलं. आठवडाभर मी त्याच्यापासून हलले नाही.

अकरापैकी दहा गाईंच्या रक्ताने माझा जिवाणू ओळखला. मी मालकांनी सांगितलेली माहिती तीनदा वाचली. या दहांपैकी एकही गाय कधी तापाने बसलेली कुणाला आठवत नाही. म्हणजे रोग होऊन गेला, पण तो अगदी वासरू असताना, कुणाच्या लक्षातही न येता. अकरावी बुधाजीची. ती दुसरीकडच्या फरशीच्या गोठ्यात वाढली आणि गेल्याच महिन्यात इथे आली. तिच्या रक्ताला काही माहीतच नाही. बुधाजीकाकांना सांग, तिच्यावर डोळा ठेवा आणि जरा मलूल दिसली तरी विनीतना बोलवा.

वासराला हा रोग हलका जातो आणि मोठेपणी पहिल्यांदा झाला तर मारतो. हे मी पुस्तकात वाचलं आहे. परीक्षेत लिहून गुण घेतले आहेत. मग तुझ्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी दोन दिवस का अडून बसले आहे ते मला नीट सांगता येत नाही.

सासर दाखवणं म्हणजे काय? खूळ म्हणून उडवू नकोस, नीट लिही. कितव्या महिन्यात, कुठे, किती दिवस?

आणि आत्या, चंद्रीला सासर दाखवलं होतं का?

नेत्रा


वाडी
१ ऑगस्ट २०२४

चि. नेत्रा, तू पोलिसात जायला हवं होतंस.

विचारतेस तर ऐक. कालवड चार महिन्यांची झाली की तिला ज्या घरी द्यायची त्या घरच्या गोठ्यात, घर ठरलं नसेल तर लेक जिकडे द्यायची त्या भागातल्या ओळखीच्या गोठ्यात, आठ दिवस बांधून यायचं. नवरी मुलगी आधी घर बघून येते तसं. परत आली की महिन्याभरात एकदा मलूल व्हायची, दोन-चार दिवस अंग तापायचं, मग ठणठणीत. सासू म्हणायची, तिला तिकडची हवा मानवली. आठ दिवस ठेवून घ्यायला तिकडचे तयार नसले तर त्यांच्या गोठ्यातले गोचीड आणून इकडेच सोडायचे. हवा नव्हे, गोचीडच मानवावे लागतात, हे सासूला ठाऊक असावं. पण बोलायची हवा.

आता रागावू नकोस. तुझं पत्र यायच्या आधीच मी वेणूला सासर दाखवलं.

बनूबाई तिला आठ मिनिटंही उभी करणार नाहीत, म्हणून अक्षदाला निरोप दिला. फुगलेले, टपोरे गोचीड नकोत, ते पडले की नुसती अंडी घालतात. चपटे, बारीक, हातावर सुरसुर पळणारे आण. सासूबाई दळण आणायला गेल्या तेव्हा तिने पंधरा-वीस वेचले आणि काडेपेटीत घातले. जावई प्रज्वल ती पेटी घेऊन मोटारसायकलवर आले. त्यांना काय सांगितलं होतं माहीत आहे? आईसाठी अंगारा आहे, सांडू नका. बिचाऱ्याने शर्टाच्या वरच्या खिशात, छातीशी धरून आणली आणि माझ्या हातात देताना चप्पल काढली. मला हसू आवरेना. २२ जुलैला वेणूच्या कानामागे सोडले.

चंद्रीचं काय विचारतेस! तिचं आयुष्य तेवढंच होतं. इकडे लावणी आटोपली, वांगी बरी धरली आहेत. तू वेळेवर जेवत जा.

आत्या


हैदराबाद
९ ऑगस्ट २०२४

आत्या,

वांग्यांबद्दल लिहून तू मला फसवू शकत नाहीस.

पुठ्ठ्यावरचा चौथा नियम मला तोंडपाठ आहे. "वासरू दुसऱ्याच्या गोठ्यात कदापि पाठवू नये." कदापि हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा. आणि काल मला सगळं आठवलं. दिवाळीची सुट्टी होती. तू चंद्रीच्या गळ्यात नवी दोरी घालून तिला कुठेतरी न्यायला निघाली होतीस. मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हणाले, "आत्या, हे अडाणीपण आता बंद." तू हसलीस आणि तिला परत बांधलंस. त्यानंतर तीन वर्षं तू माझ्या नियमाने तिचा एकेक गोचीड काढलास, औषध फवारलंस. ती काचेसारखी स्वच्छ वाढली. तिच्यात जर्सीचं रक्त होतं, आधीच नाजूक. तशी ती त्या गोठ्यात गेली. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या असतील, मग पिवळ्या. लघवी लाल नसेल झाली. बरोबर ना?

चंद्रीला मी मारलं. मी तेव्हा शेवटच्या वर्षाचा अभ्यास करत होते, जनावरं कशी वाचवायची त्याचा. आणि तू विहिणीसमोर उभी राहून, मी आजारी गाय दिली, असं खोटं सांगत होतीस. अक्षदाच्या पायगुणासाठी, हे मी समजू शकते. पण मला का नाही सांगितलंस? पाच दिवाळ्या मी तुझ्याकडे येऊन चकल्या खाऊन गेले. सात वर्षांची होते तेव्हा आई गेली आणि बाबांनी मला तुझ्याकडे आणून सोडलं. तेव्हापासून तू माझ्यापासून कधी काही लपवलं नाहीस असं मी लोकांना सांगत आले.

रडून झालं. आता वेणू.

गोचीड सोडून अठरा दिवस झाले. ताप आता कधीही येईल. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लाव आणि लिहून ठेव. ताप १०५ वर गेला किंवा दोन दिवस तिने चारा सोडला तर विनीतना इंजेक्शन द्यायला सांग. माझ्या कामाचा विचारही करू नकोस. एकाच जनावराचं रोगाआधीचं आणि नंतरचं रक्त, तेही तारखेसकट, असा नमुना मला कुठे मिळाला नसता हे खरं. पण वेणू आधी वेणू आहे.

आणि वाडीत कुणाला हे करायला सांगू नकोस. ही लस नाही. यात वासरू जाऊ शकतं. तू जगलेल्या पाच मोजल्यास, गेलेल्या कुणी मोजल्या?

बनूमावशींना मी पत्र लिहिणार आहे.

नेत्रा


वाडी
२७ ऑगस्ट २०२४

चि. नेत्रा,

आधी वेणूचं, कारण तू तेच शोधत खाली डोळे फिरवशील. ती जिवंत आहे. उभी आहे. सकाळी पुन्हा पदर चघळला.

१५ तारखेला १०३. १६ला १०४. पापण्या आतून फिकट, लघवी साफ. विनीतने काचेवर रक्ताचा थेंब घेतला आणि म्हणाला, "आजी, ठिपके आहेत." १७ला १०४ आणि वर आठ, चाऱ्याला तोंड लावेना. १८ला सकाळीही नाही. तो सुई भरून उभा होता. म्हणाला, देऊन टाकू का, ताईने तसं सांगितलंय. मी म्हटलं, दोन दिवस म्हणालीय ना, संध्याकाळपर्यंत थांब. नेत्रा, तो दिवस मी मोजून घालवला. तू विचारलंस ना, गेलेल्या कुणी मोजल्या? मी इथे लग्न होऊन आले त्यानंतर दोन गेल्या होत्या. एकीला मीच सासर दाखवून आणलं होतं. सासू त्यांचं नाव काढत नसे आणि मीही कधी काढलं नाही. त्या दिवशी दोघी डोळ्यांसमोर होत्या. मला वाटलं, आपण म्हातारपणी कशाला हा उद्योग केला, आयती पोर मारली.

चार वाजता बांबूचा कोवळा पाला तिच्या तोंडाशी धरला. तिने वास घेतला, मान फिरवली. पुन्हा धरला. मग एक पान ओढलं. विनीत तिथेच मातीत बसला. सुई त्याने तशीच परत नेली. २१ला १०२, २३ला नेहमीचा. पुढच्या महिन्यात तो पुन्हा रक्त घेऊन पाठवील.

बुधाजीच्या गाईलाही ताप भरला होता. तू सांगून ठेवलंस म्हणून पहिल्याच दिवशी डॉक्टर बोलावला आणि ती वाचली. बुधाजी तुझ्या नावाने रोज एक लिटर दूध पाठवतो, ते मी पिते.

आता दुसरं. चंद्री तू मारली नाहीस. दावं माझ्या हातात होतं, परत बांधलं ते मी. तू वीस वर्षांची होतीस, मी पंचावन्नची. तुझं ऐकायला मला कुणी सांगितलं होतं? मला बरं वाटलं होतं, आपली पोर शिकून आली आणि आपल्याला शिकवते आहे. एवढंच.

बनूबाईंना लिहू नकोस. अक्षदाला कळेल. तुमची दोघींची माया तुटलेली मला बघवायची नाही. वेणूचं मी बघेन काहीतरी. माझं एवढं ऐक.

आत्या


हैदराबाद
३ ऑक्टोबर २०२४

आदरणीय बनूमावशी,

मी नेत्रा, अक्षदाची मामेबहीण. लग्नात तुमच्या पानात दोनदा जिलबी वाढली होती ती. हे पत्र अक्षदाकडून वाचून घ्या. तिनेही ते वाचावं म्हणूनच लिहिते आहे. आत्याने लिहू नको म्हणून सांगितलं होतं. तिचा शब्द मी पहिल्यांदा मोडते आहे.

पाच वर्षांपूर्वी तुमच्या गोठ्यात चंद्री गेली. आत्याने तुम्हाला सांगितलं की गाय आधीच आजारी होती. ते खरं नाही. ती आजारी नव्हती, उलट तिला कधीच काही झालं नव्हतं, आणि म्हणूनच ती गेली. वासरू असताना हा ताप हलका येऊन गेला की गाय पुढे त्याला पुरून उरते. आत्या तिला चार महिन्यांची असताना तुमच्या भागातल्या गोठ्यात बांधून आणणार होती. मी अडवलं. मी शिकत होते आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं. तुमच्या गोठ्याचा दोष नाही, अक्षदाच्या पायगुणाचा नाही, आत्याचा नाही. चूक माझी आहे. मला माफ करा असं म्हणायलाही लाज वाटते.

वेणू नावाची कालवड आत्याकडे आहे. तिच्या अंगावर तुमच्याच गोठ्यातले गोचीड सोडले होते. ते अक्षदाने तुम्हाला न विचारता नेले. त्याबद्दल तिला रागावू नका, आत्याने सांगितलं म्हणून तिने केलं. वेणूला ताप येऊन गेला. मी तिचं आधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं. जुलैमध्ये ते काहीच ओळखत नव्हतं. आता माझ्या चौदा प्रथिनांपैकी तीन ओळखतं, आणि ज्या दहा म्हाताऱ्या गाई जगल्या त्याही तीच तीन ओळखतात. ती तीन पुढे लसीच्या कामी येतील का हे ठरायला खूप वर्षं लागतील. मी खोटी आशा दाखवणार नाही. पण ही एक कालवड तुमच्या गोठ्यात या तापाने जाईल असं मला वाटत नाही, आणि हे मी माझ्या आजवरच्या शिक्षणाच्या भरवशावर लिहिते आहे.

घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण आत्याला दोष देऊ नका.

नम्र,
नेत्रा

अक्षदा, तुला वेगळं लिहायला बसले होते. चार कागद फाडले. तू चिडलीस तर ते बरोबरच आहे.


वाडी
१९ ऑक्टोबर २०२४

चि. नेत्रा,

ऐकलं नाहीस ना शेवटी! लहानपणी औषध थुंकून टाकायचीस तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मंगळवारी दुपारी दारात टेम्पो थांबला. मी भात सडत होते, मला आवाज कुठला यायला. वेणू कान उभारून बघायला लागली तेव्हा वळले. टेम्पोतून प्रज्वल उतरले, मग अक्षदा, आणि मागून बनूबाई. हातात तुझं पत्र, घडी घालून घालून मऊ झालेलं. अक्षदा म्हणाली, तीनदा वाचून घेतलं त्यांनी, तिसऱ्यांदा मधेच थांबवून पदराने नाक पुसलं.

मी पाणी दिलं. ते तसंच ठेवून त्या गोठ्यात शिरल्या. वेणूची खालची पापणी त्यांनी अंगठ्याने ओढून पाहिली, दोन्ही डोळ्यांची. कानामागे हात फिरवला. प्रज्वलला ती काडेपेटी कुठल्या खिशात ठेवली होती ते विचारलं. मग हसल्या, म्हणजे मला तसं वाटलं, कारण खांदे हलले.

अक्षदा दारातच उभी होती. ती तुझ्यावर रागावली आहे, खोटं कशाला सांगू. लग्नानंतरचं पहिलं वर्ष तिने काय काय ऐकून घेतलं ते तिलाच ठाऊक. माझ्यावरही रागावली आहे. तिला वेळ दे, पण फोन करणं सोडू नकोस. नाही उचलला तरी करत जा.

मग बनूबाई माझ्याजवळ आल्या. मी बहिरी आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून तोंड कानाशी आणून मोठ्याने विचारलं, "पाच वर्सां गप कशाला रायलीस गो? मी तुना काय नाय काय बोल्ले. तुजे पोरीला बोल्ले. लगीनघरान चार बायकांदेखत बोल्ले. एकदा तरी सांगाचा व्हता, का चूक तुजे भाचीची हाय म्हून."

मी म्हटलं, पोर शिकत होती.

त्यांना कळेना. म्हणाल्या, "मंग?"

मी म्हटलं, तिला तेव्हा कळलं असतं तर तिने पुन्हा जनावराला हात लावला नसता.

 बनूबाई पुन्हा गोठ्यात गेल्या आणि वेणूचं दावं स्वतः सोडलं.

तुझी आत्या,
काशी